तळ्याच्या काठावर थांबलेला मोर्चा

२७ डिसेंबर १९२७ रोजी महाडमध्ये काही हजार माणसांची मिरवणूक चवदार तळ्याला वळसा घालून गेली. हातात फलक होते, तोंडी घोषणा होत्या, रांगा सरळ होत्या. पाणी अगदी हाताशी होते. पण कोणीही त्याला बोट लावले नाही. नऊ महिन्यांपूर्वी अस्पृश्यांच्या याच चळवळीने याच तळ्याची ओंजळ भरून घेतली होती.

मार्चमधली ती ओंजळ महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत आहे. डिसेंबरमधले थांबणे मात्र ‘सत्याग्रह तूर्त तहकूब करण्यात आला’ अशा एका ओळीत आटोपते. मला ती ओळच या प्रकरणातली सर्वांत अवघड जागा वाटते. तळ्यावर जायला मनाई करणारा न्यायालयाचा हुकूम अन्याय्य आहे, हे हुकूम मिळालेल्याला ठाऊक आहे. हजारो माणसे तो मोडायला तयार बसली आहेत. पुढारी, डॉ. आंबेडकर, स्वतः बॅरिस्टर आहेत. अशा वेळी तो हुकूम पाळायचा की मोडायचा? आणि पाळला, तर पुढच्या दहा वर्षांत कायद्याने त्याची परतफेड कशी केली?

ठरावाला हात नव्हते

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे, अथवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापलेल्या मंडळांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गाला वापरू द्याव्यात, तसेच सरकारी शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखानेही, अशी त्याची भाषा होती. पुढच्या महिन्यात सरकारने खात्यांना तसे कळवले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तेव्हा सुरबा टिपणीस नगराध्यक्ष होते. ते स्वतः स्पृश्य समाजातले, सुधारक विचारांचे आणि पुढे आंदोलनाच्या बाजूने उभे राहिलेले.

यानंतर तीन वर्षे काहीच घडले नाही.

का घडले नाही, हे समजायला बोले ठरावाचे क्रियापद पाहावे. कौन्सिलने ‘शिफारस’ केली होती. शिफारस न पाळणाऱ्याला काय, याचे उत्तर त्यात नव्हते. बोले यांनाही हे दिसत होते. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे हे अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे. म्हणजे पहिल्या ठरावाला हात नाहीत, हे ठराव मांडणाऱ्यानेच सभागृहात कबूल केल्यासारखे झाले. महाडच्या महारवाड्यातला माणूस घागर घेऊन तळ्यावर गेला असता तर नगरपालिकेचा कोण शिपाई त्याच्या शेजारी उभा राहणार होता? त्याला मारले असते तर दंडविधानाचे कलम लागले असते. नुसते हाकलून दिले असते, दुकानदाराने मीठ-मिरची बंद केली असती, खोताने जमीन काढून घेतली असती, तर कुठलेच कलम लागत नव्हते. हक्क कागदावर होता, आणि तो बजावण्याची सगळी जोखीम ज्याला तो दिला त्याच्याच अंगावर होती.

तळे कोणासाठी बंद होते हेही नीट पाहिले पाहिजे. तिथे मुसलमान पाणी भरत, जनावरे पाणी पीत. अडवला जात होता तो फक्त अस्पृश्य.

मार्च

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी अनेक महिने खपून गावोगावची माणसे जोडली होती. अडीच हजारांवर लोक आले. त्यांना प्यायला पाणी नव्हते. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. ज्या गावच्या पालिकेने तळे खुले केल्याचा ठराव तीन वर्षांपूर्वी दफ्तरात नोंदवला, त्याच गावात हे झाले. दुसऱ्या दिवशी कामकाज संपताना अनंतराव चित्रे यांनी हीच विसंगती बोलून दाखवली आणि चला, आताच तळ्यावर जाऊ, असे सुचवले. चौघा-चौघांच्या रांगा करून परिषद तळ्यावर गेली. डॉ. आंबेडकर यांनी पाणी घेतले, मागून बाकीच्यांनी.

पुढचे सांगायला फार वेळ नको. दोनेक तासांत गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवावर धावून आला. परतीच्या वाटेवर असलेले, जेवत बसलेले लोक सापडतील तिथे मारले गेले. कित्येकांना मुसलमान घरांनी आसरा दिला. बंगल्यावर आंबेडकरांभोवती जमलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले गडी होते. त्यांनी मनात आणले असते तर त्या संध्याकाळी महाडचे चित्र वेगळे झाले असते. आंबेडकरांनी त्यांना रोखून धरले आणि प्रकरण पोलिसांत नेले. जूनमध्ये दंगेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण हे निकालपत्र फार सोयीस्करपणे विसरले जाते. ब्रिटिश अमलाखालच्या फौजदारी न्यायालयाने अस्पृश्यांना मारणाऱ्या स्पृश्यांना तुरुंगात पाठवले, हे त्या काळी साधे नव्हते. पण शिक्षा मारहाणीची होती. पाणी नाकारल्याबद्दल कोणाला विचारणाही झाली नाही, होऊही शकत नव्हती. उलट गावाने तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून आणि दूध, दही, गोमूत्र, शेण मंत्रोच्चारात ओतून ते ‘शुद्ध’ करून घेतले. एका समाजाचा एवढा जाहीर अपमान कुठल्याही कायद्याच्या जाळ्यात सापडत नव्हता.

आणि मग नगरपालिकेने कच खाल्ली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला जुना ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पुरी होत होती. हा योगायोग कोणी जाणूनबुजून जुळवला नसावा. तरी कॅलेंडर कधीकधी असे बोलते.

ठराव मागे घेतल्याने हक्क जातो का? माझ्या मते जात नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले, म्हणजे सार्वजनिक. नगरपालिकेने १९२४ मध्ये नवे दान दिले नव्हते, असलेली गोष्ट फक्त बोलून दाखवली होती. बोललेले परत घेतल्याने असलेले नाहीसे होत नाही. पण हा वकिली युक्तिवाद झाला. महाडच्या रस्त्यावर ठराव रद्द होण्याचा अर्थ एकच होता: पालिकाही आता आपल्या बाजूला नाही.

लाठीऐवजी दावा

आंबेडकरांनी डिसेंबरच्या २५ आणि २६ तारखांना पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. या वेळी सनातन्यांनी डाव बदलला. मार्चमधल्या लाठ्यांनी त्यांची माणसे तुरुंगात गेली होती. १२ डिसेंबर १९२७ ला त्यांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे स्पृश्यांचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त त्यांचा आहे असे जाहीर करावे, आणि अस्पृश्यांना कायमची मनाई करावी, अशी मागणी होती. प्रतिवादी क्रमांक एक भीमराव रामजी आंबेडकर. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत अस्पृश्यांनी तळ्यावर जाऊ नये, पाणी घेऊ नये.

हा दावा प्रातिनिधिक होता. दिवाणी प्रक्रिया संहितेत तशी सोय आहे. वादी गावातल्या सगळ्या स्पृश्यांच्या वतीने आले आणि प्रतिवादींना त्यांनी सगळ्या अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून उभे केले. डाव हुशारीचा होता, कारण चार-पाच नावांवरचा हुकूम त्यामुळे अख्ख्या समाजाला बांधत होता. पण त्याची एक बाजू वादींच्या लक्षात आली नसावी. ज्याला तळ्याच्या पायरीवर उभे राहू द्यायचे नव्हते, त्याला न्यायालयात समोरासमोर उभा पक्ष म्हणून त्यांनी स्वतःच बोलावले. आता तो कैफियत देणार, साक्षीदारांची उलटतपासणी घेणार, आणि ‘ही वहिवाट कधीपासूनची, दाखवा’ असे विचारणार. गावात हा प्रश्न कोणी विचारूच शकत नव्हता.

मनाई हुकूम मोडला तर काय, हेही १९०८ च्या संहितेत स्पष्ट होते: मालमत्तेवर जप्ती आणि सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. कैदेचे भय तिथे जमलेल्यांना फारसे नव्हते. प्रश्न निराळा होता.

दोन रात्री

आंबेडकर मुंबईहून निघाले तेव्हा हुकूम त्यांच्या हातात होता. महाडमध्ये कोणा हिंदूने परिषदेला जागा दिली नाही, एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाजाराने सामान द्यायचे नाकारले, म्हणून धान्य बाहेरून आणावे लागले. लोक मात्र लोटले होते. सत्याग्रहासाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. घरून निघताना कित्येकांनी तुरुंगाची तयारी ठेवली होती.

२५ तारखेला अध्यक्षीय भाषणात आंबेडकरांनी महाडची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. आम्ही या तळ्यावर पाणी पिण्यासाठी येत नाही, ते न पिताही आजवर जगलो. इतरांसारखीच आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करायला येतो आहोत, असा त्यांचा आशय होता. परिषदेने मानवी हक्कांचा जाहीरनामा ठरावाच्या रूपाने मंजूर केला: सर्व माणसे जन्मतः समान दर्जाची आहेत आणि मरेपर्यंत तशीच राहतात. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा यायला अजून एकवीस वर्षे होती.

त्याच रात्री मांडवासमोर खास खणलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, ते जन्माने ब्राह्मण. या दहनाकडे बहुतेक जण प्रतीक म्हणून पाहतात, तसे ते आहेच. पण कायद्याच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. मनाई हुकूम तळ्यापुरता होता. आपल्या मालकीचा ग्रंथ आपल्या मांडवासमोर जाळायला कुठल्या हुकुमाची आडकाठी नव्हती. सनातन्यांनी न्यायालयाकडून चार-पाच एकर पाण्याला कुंपण घालून घेतले, आणि आंदोलनाने त्या कुंपणाला स्पर्शही न करता कुंपण ज्या पायावर उभे होते त्यालाच हात घातला. पुढे तळ्यापेक्षा या आगीची चर्चा जास्त झाली. हुकूम मिळवणाऱ्यांनी एवढी किंमत हिशेबात धरली नसेल.

२६ ला खरी परीक्षा झाली. सत्याग्रह करायचाच, असा ठराव पुढे आला. वक्त्यामागून वक्ते उठले, आणि बहुतेक जण आत्ताच चला म्हणणारे. जिल्हाधिकारी स्वतः मांडवात येऊन बोलले: सरकारची सहानुभूती तुमच्याकडे आहे, पण न्यायालयाचा हुकूम मोडू नका, दाव्यात बाजू मांडा. ज्या सरकारने चार वर्षे बोले ठरावाची अंमलबजावणी केली नाही, त्याचा अधिकारी सहानुभूतीची भाषा करतो आहे, हे ऐकताना मांडवातल्या माणसाला काय वाटले असेल, ते ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आंबेडकरांपुढे रात्रभर जो पेच होता तो असा मांडता येईल. हुकूम मोडला, तर लढाईचा पक्षच बदलतो. तोवर समोर स्पृश्य समाज होता आणि सरकार कुंपणावर बसलेले. हुकूम मोडताच समोर सरकार येते, आणि स्पृश्य कुंपणावर बसून तमाशा पाहतात. दुसरे, आंदोलनाचा सगळा दावाच कायद्याने मिळालेल्या हक्काचा होता. सनातनी रूढीकडे बोट दाखवत होते, हे लोक कौन्सिलच्या ठरावाकडे आणि नगरपालिका कायद्याकडे. कायद्याचा एक कागद हातात उंच धरून दुसरा पायाखाली घ्यायचा, हे विसंगत दिसले असते. तिसरे म्हणजे ते स्वतः कौन्सिलचे नियुक्त सदस्य आणि वकिली करणारे बॅरिस्टर होते.

उलट बाजूही कमी वजनाची नव्हती. मनाई हुकुमाला एकदा मान दिला, की प्रत्येक गावातल्या सनातन्यांना वाट सापडते: सत्याग्रह जाहीर झाला की दावा लावा, तात्पुरती मनाई घ्या, वर्षे काढा. तात्पुरता हुकूम हा निकाल नसतो हे खरे, पण पाण्याविना गेलेले दिवसही परत मिळत नाहीत. आणि दूरवरून चालत आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर पुढच्या वेळी येईल का?

निर्णय झाला: सत्याग्रह तहकूब. सकाळी आंबेडकरांनी तो परिषदेपुढे ठेवला, नाराजी लपली नाही, पण लोकांनी मानला. त्यानंतर ती मिरवणूक निघाली, जिच्यापासून मी सुरुवात केली. ही मिरवणूक मला फार अर्थपूर्ण वाटते. हुकुमाने पाणी घ्यायला मनाई केली होती, रस्त्यावरून चालायला नाही. तळ्याच्या चहूबाजूंना नगरपालिकेचे रस्ते होते. तेव्हा हुकुमाची रेघ जिथे संपते तिथपर्यंत, अगदी तिच्यावर पाऊल न टाकता, पूर्ण वर्तुळ काढून लोक परतले. हुकूम पाळलाही, आणि तो कुठवर पोचतो हे सगळ्या गावाला दाखवूनही दिले.

तुलनेसाठी एक परके उदाहरण घेतो, कारण प्रश्न तंतोतंत तोच आहे. एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात स्थानिक न्यायालयाने मार्टिन ल्यूथर किंग आणि सहकाऱ्यांना मोर्चे काढण्यास मनाई केली. किंग यांनी ती उघडपणे मोडली आणि तुरुंगात गेले. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची शिक्षा कायम केली: हुकूम चुकीचा असेल तर न्यायालयात जाऊन रद्द करून घ्या, आधी मोडून मग चुकीचा म्हणू नका. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयाने, त्याच मोर्चाच्या दुसऱ्या प्रकरणात, मुळातला परवान्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. म्हणजे नियम चुकीचा होता हे मान्य झाले, हुकूम मोडल्याची शिक्षा मात्र भोगून झाली होती. किंग यांना मोडण्याने जे मिळाले ते दृश्य होते, साऱ्या देशाने पाहिलेले. आंबेडकरांना पाळण्याने जे मिळाले ते निकालपत्र. महाडचे दृश्य देशाला दाखवणारे दूरचित्रवाणीचे कॅमेरे १९२७ मध्ये नव्हतेच, हेही हिशेबात धरायला हवे. दोघांपैकी कोण बरोबर, असा निवाडा मी देणार नाही. पण आंबेडकर थांबले म्हणून ते कमी पडले, असे जे अधूनमधून ऐकू येते, ते हा पेच न समजून घेता बोललेले असते.

दहा वर्षांचा निकाल

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी, जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, महाडच्याच न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम उठवला. डिसेंबरमध्ये तो मोडला असता तर जो हुकूम अडीच महिनेही टिकला नाही त्यासाठी शेकडो माणसे कैदेत गेली असती.

मूळ दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला. वादींनी ठाण्याला अपील केले, ते ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मग मुंबई उच्च न्यायालय. तिथे १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी दुसरे अपीलही फेटाळले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादला गांधीजींना राजद्रोहासाठी सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. एक दिवस कमी पंधरा वर्षांनी त्यांच्यापुढे दुसऱ्या एका सत्याग्रहाचा कागद आला.

निकालातला मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे तो ‘न्यायालयाने अस्पृश्यांचा पाण्याचा हक्क मान्य केला’ असा सांगितला जातो. तसे न्यायालयाने म्हटलेले नाही.

तळे आपल्या मालकीचे असल्याचा वादींचा दावा खालच्या न्यायालयांतच गळून पडला होता. तळे नगरपालिकेकडे निहित आहे, हे ठरले होते. उरली होती वहिवाट. फक्त स्पृश्यांनीच पाणी भरायचे, अशी अनादि काळापासूनची रूढी आहे आणि रूढी म्हणजे कायदा, असा वादींचा आधार. इंग्रजी कायद्यात ‘अनादि’ची सीमा ११८९ हे साल धरतात. हिंदुस्थानात न्यायालये इतकी ताठर नव्हती, पण रूढी प्राचीन, अखंड आणि निश्चित असल्याचे सांगणाऱ्यानेच सिद्ध करायचे, हा नियम होताच. पहिल्या न्यायालयाने म्हटले की अस्पृश्यांना वगळून पाणी भरण्याची पद्धत बऱ्याच वर्षांची आहे हे शाबीत झाले, पण एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही. हे वाक्य मला या संपूर्ण खटल्यातले सर्वांत धारदार वाटते. भीतीने किंवा सवयीने कोणी एखाद्या जागी गेले नाही, म्हणून ती जागा जाणाऱ्यांच्या मालकीची होत नाही.

उच्च न्यायालयाने हात राखून पाऊल टाकले. तळ्याभोवती घरे उभी राहिल्यानंतरच्या काळात जी पद्धत दिसते, ती त्याआधीही तशीच असणार असे गृहीत धरता येत नाही. देवळांची प्रकरणे इथे लावता येत नाहीत, कारण देऊळ अमुक जातींसाठीच अर्पण झाले असेल असे मानायला जागा असते आणि मग प्रवेशाचा हक्क दाखवण्याचा बोजा अस्पृश्यांवर पडू शकतो. तळ्याच्या बाबतीत तसे गृहीतक नाही. तेव्हा रूढी शाबीत झाली नाही, अपील फेटाळले. अशी रूढी अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे का, हा प्रश्न रूढी शाबीत झाली असती तरच घ्यावा लागला असता, म्हणून न्यायालयाने तो घेतला नाही.

याचा सरळ अर्थ असा की एखादा जुना दस्त, एखादी पेशवाईतली सनद वादींच्या हाती लागली असती, तर प्रकरण कुठे गेले असते कोणास ठाऊक. आंबेडकर जिंकले ते समोरच्याला पुरावा देता आला नाही म्हणून. माणूस म्हणून माणसाला पाणी मिळते, हे १९२७ च्या मांडवात मंजूर झालेले वाक्य १९३७ च्या निकालपत्रात नाही. देवळांविषयीची टिप्पणी तर उलट बाजूने वापरता येण्यासारखी होती.

आणि निकाल आला तेव्हा प्रतिवादी क्रमांक एक कुठे होता? नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू होऊन वर्षे उलटली होती. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही, असे त्यांनी जाहीर करूनही दीड वर्ष होत आले होते. स्वतंत्र मजूर पक्ष काढून ते नुकतेच मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले होते. हिंदूंच्या तळ्यावर हिंदू म्हणून हक्क सांगण्याची इच्छाच ज्याने सोडली, त्याला उच्च न्यायालयाने तो हक्क नाकारता येत नाही असे कळवले. न्यायाला उशीर होतो हे आपण नेहमी म्हणतो. इथे उशीर इतका झाला की मागणाऱ्याची मागणीच बदलली.

तरी दहा वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. शाबितीचा बोजा कोणावर, हा कोरडा वाटणारा मुद्दा महाडच्या दाव्यात सगळ्याचा निकाल लावून गेला, आणि पुढच्या कायद्यांत त्याचे पडसाद दिसतात. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा अशी यादी आहे, आणि त्या सर्वस्वी वा अंशतः राज्याच्या पैशातून चालवलेल्या किंवा सर्वसामान्य जनतेच्या वापरासाठी अर्पण केलेल्या असाव्यात अशी अट. बोले ठराव शेजारी ठेवून वाचला तर घराणे ओळखू येते, फक्त ‘शिफारस’ गेली आहे. १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे आचरण गुन्हा ठरवले. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने पाणवठ्यावर अडवणाऱ्याला शिक्षा सांगितली, म्हणजे १९२३ च्या ठरावाला नव्हते ते हात आले. याच कायद्याच्या १२ व्या कलमात असे आहे की अडवलेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरील, आणि तसे नव्हते हे दाखवण्याची जबाबदारी अडवणाऱ्याची राहील.